डिकीत राहिलेली वायर

माझ्या गाडीच्या टपावर जो लांब दांडा उभा असतो, त्याबद्दल आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत वेगवेगळ्या समजुती आहेत. वॉचमनला वाटतं मी पोलिसांचा माणूस आहे, म्हणून तो सलाम ठोकतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटतं त्याच्यामुळे त्यांच्या टीव्हीला मुंग्या येतात. बायकोला वाटतं तो माझ्या वयाचा परिणाम आहे, आणि सगळ्यांत तिचंच म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ जातं.

तो अँटेना आहे. गाडीत वायरलेस सेट आहे. मी परवाना असलेला हौशी रेडिओवाला आहे, ज्याला हॅम म्हणतात. सरकार त्यासाठी परीक्षा घेतं आणि पास झालेल्याला एक कॉल साइन देतं, म्हणजे अक्षरं आणि आकडा मिळून झालेलं हवेतलं नाव. तीन वर्षांपूर्वी मला ते मिळालं. त्या नावानं मी हवेत किती वेळा बोललो, तर या उन्हाळ्यापर्यंत एकदाही नाही. माइक हातात आला की माझी जीभ टाळूला चिकटते. घरात तोंड बंद होत नाही म्हणून बदनाम असलेला माणूस मी.

परीक्षेला बसलो ते मोठ्या भावामुळे. दादा सिंचन खात्यात वायरलेसवर होता. उमरेडच्या पुढे एका धरणावरच्या खोलीत बसायचं आणि पाण्याची पातळी ठरल्या वेळी नागपूरला कळवायची, ही त्याची नोकरी. हुडकेश्वरच्या घरातून स्कूटरनं निघायचा आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. घरी आला की चहा घेऊन स्वतःच्या सेटवर बसायचा. वहिनी म्हणायची, "दिवसभर सरकारशी बोलतेत अन् संध्याकाळी दुनियेशी. घरात बोलाले काही उरतच नाही यायच्यापाशी."

नागपुरातल्या हॅम लोकांची रोज संध्याकाळी सातला हजेरी असते. एक जण यादीतली कॉल साइन एकेक करून पुकारतो, ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं, दोन शब्द बोलायचे, पुढे जायचं. कित्येक वर्षं ही हजेरी दादाच घ्यायचा. त्याचा एक नियम होता. नाव पुकारलं की उत्तर येवो न येवो, तीन श्वास थांबायचं. कोणाचा सेट कमजोर असतो, कोणी गाडी बाजूला घेत असतो, कोणाच्या घरात कुकरची शिट्टी होत असते. तीन श्वासांनंतर म्हणायचं, "नाही. पुढे."

माझा परवाना आला त्या संध्याकाळपासून त्यानं माझं कॉल साइन यादीत घातलं. रोज पुकारायचा. रोज तीन श्वास थांबायचा. मला ठाऊक होतं, कारण माझ्याकडे ऐकायचा एक छोटा सेट होता आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहून ऐकायचो. बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "अहो, तुमचं नाव आलं." मी म्हणायचो, ऐकलं. ती म्हणायची, "मग बोला ना. भाऊजी थांबलेत." तोवर तीन श्वास होऊन जायचे.

मग साखरेनं दादाचे डोळे नेले. त्यानंतर वर्षभरात किडन्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस आणि उरलेले दिवस त्यातून सावरण्यात. सेट पलंगाच्या उशाशी आला. हजेरी चालूच राहिली. पूर्वी तो स्वतः रजिस्टर लिहायचा, आता तो सांगायचा आणि वहिनी लिहायची.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्याच्या पलंगाशेजारी बसलो होतो. त्याच्या पायांवर सूज होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. त्यानं एकदम विचारलं, उमरेड रोडवर आता काय काय झालं असंन. मी म्हटलं, चल, गाडीत बसवून फिरवून आणतो.

"बसून काय करू गा? मले दिसते का काही? अन् हे शरीर गाडीत बसाच्या लायकीचं राह्यलं नाही. तू सेट लाव गाडीत. पाचगावपर्यंत जाय अन् जे दिसते ते सांगत जाय. मी इथी पडल्या पडल्या जाऊन येतो."

मी म्हटलं, त्यात काय, फोनवरच सांगतो की. त्याला ते पटलं नाही. फोनवर सगळे औषधांचं विचारतात, म्हणाला, सेटवर अजून कोणी विचारलेलं नाही. "अन् फोनवर तुह्या तोंडून खोटं निघते. रस्ता खराब असला तं चांगला हाय म्हणशील. सेटवर चार जण ऐकून राहतेत, तिथी खोटं चालत नाही."

मग जुना मास्तर जागा झाल्यासारखा त्यानं मला नियमही सांगितला. समोर ऐकणारं, उत्तर देणारं कोणी असेल तरच बोलायचं. कोणी नसताना हवेत आपलंच बोलत सुटायचं नाही, परवान्यात ते बसत नाही. ते रेडिओ स्टेशनचं काम, हॅमचं नाही. मी मान डोलावली. त्याला ती दिसत नाही हे विसरून मी बराच वेळ डोलावत राहिलो.

त्याला दुसरं काहीच नको होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. एकदा पाचगावपर्यंत. हाताशी फार वेळ नाही हेही कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही.

कामठीकडच्या एका म्हाताऱ्या हॅमकडून जुना सेट मिळाला. त्याचं पॉवर कमी करायचं बटण पहिल्या मालकाच्या हातूनच आत दबलं होतं, त्यामुळे बोलायचं तर पूर्ण ताकदीनं. आमच्या घराण्याला शोभेलसा सेट होता. डॅशबोर्डखाली बसवताना मी दोन स्क्रू हरवले, एक बोट कापलं आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण कायमचं उघडं करून ठेवलं. बायकोनं पुढच्या सीटवर बसून पाहिलं. सेटचा कोपरा थेट तिच्या गुडघ्याला लागत होता. ती म्हणाली, "मी मागं बसत जाईन. तुमची नवी आली ना पुढं."

अँटेना चुंबकावर उभा राहणारा होता. त्याची वायर मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली. मिहानमधल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उंचीची आडवी पट्टी आहे, तिच्यावर तो रोज टंग करून आपटायचा. त्यामुळे मी किती वाजता आलो हे साहेबांना वर बसल्या बसल्या कळू लागलं.

राहिला करंट. सेटच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर जाड अक्षरांत छापलं होतं की वीज थेट बॅटरीवरून जाड वायरनं घ्यावी. त्यासाठी इंजिनच्या बाजूनं आत वायर आणावी लागते, मधल्या पत्र्याला भोक पाडावं लागतं, असं मला वाटलं. भोक पाडायची माझी तयारी नव्हती. डॅशबोर्डवर सिगारेट लायटरचं सॉकेट आयतं होतं. त्यात पिन खोचली. सेटवर हिरवे आकडे उजळले, खरखर ऐकू आली, आणि मला आपण इंजिनियर झाल्यासारखं वाटलं. स्कॅनिंग लावलं. स्कॅनिंग म्हणजे सेट आपणहून एका चॅनलवरून दुसऱ्यावर फिरत राहतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. आकडे पळत होते. मी दहा मिनिटं नुसता त्यांच्याकडे बघत बसलो.

पहिल्या संध्याकाळी ऑफिसातून परतताना मनीषनगरच्या अलीकडे एका मोकळ्या प्लॉटपाशी गाडी उभी केली. सात वाजले. आकडे पळता पळता थांबले आणि गाडीत दादाचा आवाज आला. घरातल्या छोट्या सेटवर तो खोकल्यासारखा यायचा. इथे तो शेजारच्या सीटवर बसल्यासारखा आला. मी चक्क गुडघा आवरून बसलो. एकेक नाव होत गेलं. मग माझं आलं.

त्यानं पुकारलं आणि थांबला.

मी माइक तोंडाशी नेला, बटण दाबलं आणि माझं कॉल साइन म्हणालो. सगळं म्हणालो. म्हणत असताना लक्षात आलं की हिरवे आकडे विझलेत. बटण सोडल्यावर सेट पुन्हा जिवंत झाला. नुसतं ऐकायला त्याला चिमूटभर करंट पुरत होता. बोलायला लागला की तो इतका ओढायचा की त्या सॉकेटची बारीक वायर दमच सोडायची. हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की मी बोललो आणि सगळं बंद पडलं.

सेटमधून दादा म्हणत होता, "कोणीतरी बटण दाबलं. टक् आवाज आला. पुन्हा या."

पुन्हा दाबलं. पुन्हा विझलं.

"परत टक्," दादा म्हणाला. मग त्याच्या नोकरीतल्या संथ आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून तो म्हणाला, "जे कोणी असतील त्यांनी ऐकावं. वायर बारीक आहे. बॅटरीवरून थेट जाड वायर घ्या. आवाज येईल. मी रोज इथे आहे." तीन श्वास थांबला. "पुढे."

हवेत तो असाच शुद्ध बोलायचा.

यानंतर मी काय करायला हवं होतं हे कोणीही सांगेल. त्याच वेळी फोन करून म्हणायचं होतं, दादा, तो मीच. मी तसं केलं नाही. मला वाटलं आता सगळं नीट करूनच एकदम उभं राहावं, खणखणीत आवाजात, थेट पाचगावच्या रस्त्यावरून. धाकट्या भावाला बावन्नाव्या वर्षीही मोठ्याकडून शाबासकी हवी असते, आणि अर्धवट कामावर ती मिळत नाही.

पुढच्या रविवारी हुडकेश्वरला गेलो. त्यानं सेटचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. आमच्या घरातली ही जुनी पद्धत, मोठ्यानं विचारायचं नाही आणि लहानानं सांगायचं नाही. वडिलांचं आजारपणसुद्धा आम्ही असंच काढलं. चहा झाल्यावर मात्र तो छताकडे तोंड करून गाडीत वायर कशी टाकायची यावर बोलू लागला. बॅटरीजवळ फ्यूज कुठे घालायचा, वायर गरम पत्र्याला घासू द्यायची नाही. "भोक पाडाचं काम नाही. स्टेअरिंगच्या खाली, आतून, एक रबरी बूच असते. ते काढलं का वायर जाते. लोकायले माहीत नसते अन् मग भैताडासारखे ड्रिल घेऊन बसतेत." मी म्हटलं, असं का. तो म्हणाला, कोणाले सांगाचं पडलं तं सांगजो.

निघताना वहिनीनं दिवाणातून वायरचं भेंडोळं काढून माझ्या हातात दिलं. लाल आणि काळी, बोटाएवढी जाड, टोकाला फ्यूज बसवलेला. ती म्हणाली, हे कालपासून मागे लागलेत, भाऊजीले देजो म्हणून. दादा भिंतीकडे वळून म्हणाला, "घेऊन जाय. इथी पडून हाय."

मी ते भेंडोळं डिकीत ठेवलं.

त्याला कळलं होतं का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नसेल कळलं. जुन्या वस्तू वाटून टाकायचं त्याचं चाललेलंच होतं, त्यातली ही एक. असं समजणं सोयीचं होतं.

मग मे महिना आला. बंद गाडीचं दार उघडलं की आतून भट्टीसारखा झोत यायचा. शनिवारी करू म्हटलं तर साळ्याच्या घरी वास्तुशांत. रविवारी करू म्हटलं तर ऊन. वर्धा रोडवरच्या एका गाडीच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, तो म्हणाला गाडी दिवसभर सोडावी लागेल, आणि मी म्हटलं बघू. बायकोनं दोनदा विचारलं, त्या वायरचं काय झालं. दुसऱ्यांदा तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून मी चिडलो.

मला आता असंही सांगावंसं वाटतं की वायर लावली की पाचगाव होईल, पाचगाव झालं की दादाची इच्छा संपेल, आणि इच्छा संपलेला माणूस थांबत नाही, म्हणून मी लावली नाही. ऐकायला हे बरं वाटतं. वास्तुशांतीत दोन नातेवाइकांना मी ते सांगितलंही असतं, जर कोणी विचारलं असतं. खरं कारण आळस होता. आणि थोडी भीती, की उद्या वायर लागली तर मला बोलावं लागेल.

रोज सात वाजता मात्र मी गाडीत बसायचो. काच खाली, सेट चालू. दादाचा आवाज दिवसागणिक बारीक होत चालला होता. दोन नावांच्या मध्ये तो दम घ्यायचा. माझं नाव आलं की तीन श्वास थांबायचा, आणि आता त्याचे ते श्वास मला मोजता यायचे, कारण माइकमध्ये ऐकू यायचे. माझ्या हातात माइक असायचा. दाबून उपयोग नव्हता म्हणून मी दाबत नसे. माझ्या पाठीमागे चार हातांवर, डिकीत, ती वायर असायची.

त्या पहिल्या संध्याकाळनंतर असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सात वाजले आणि आकडे पळतच राहिले. पाच मिनिटांनी ते थांबले. कोणीतरी दुसऱ्या कोणाला विचारत होतं, आज हजेरी कोण घेतंय. दुसरा म्हणाला, थांबू या थोडं. सगळे थांबले. मला वाटतं त्या वेळी नागपूरभर दहा-बारा माणसं आपापल्या खोलीत गप्प बसून होती, आणि मी गाडीत. मग बायकोचा फोन आला, की असाल तिथून सरळ हुडकेश्वरला जा. मी गाडी काढली. प्रत्येक वळणावर डिकीत ते भेंडोळं घरंगळत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाऊन आपटत होतं.

मी पोचलो तेव्हा घरासमोर चपला होत्या.

तेरावं झाल्यावर वहिनीनं मला रजिस्टर दाखवलं. दाखवायचं म्हणून नाही. हे आता कोणाला द्यायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. मी पानं उलटली. माझ्या कॉल साइनपुढे तिच्या गोल अक्षरात पानंच्या पानं "नाही". मग मी बटण दाबलं त्या संध्याकाळचं पान आलं. तिथे लिहिलं होतं, "आला होता. वायर बारीक."

पुढे अठरा दिवस पुन्हा "नाही".

मी वहिनीला विचारलं, दादाला कसं कळलं. ती म्हणाली, बाकी कोणी असतं तर दुसऱ्या दिवशी फोन करून, तो मीच, असं सांगितलं असतं. "ते रोज म्हणत, आज लावली असंन त्यानं. मी म्हणत होती, तुम्हीच इचारा ना फोन करून. तं म्हणत, नको, त्याले वाईट वाटंन."

दुसऱ्या दिवशी मी सुटी घेतली आणि वायर टाकली. स्टेअरिंगखाली वाकून बोटांनी चाचपलं तर रबरी बूच तिथेच होतं, तो म्हणाला होता तसं. काढलं. वायर आत सरकली. बॅटरीला दोन नट, फ्यूज, सेटमागे दोन पिना. भोक नाही, ड्रिल नाही. सगळं मिळून तासभरही लागला नाही. बायको चहा घेऊन खाली आली, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, कप बॉनेटवर ठेवला आणि वर गेली. मला वाटलं ती काहीतरी टोमणा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सातच्या आधी मी उमरेड रोडला लागलो. हजेरी आता कामठीकडचे तेच म्हातारे घेतात, ज्यांचा सेट माझ्या गाडीत आहे. यादी दादाचीच होती. त्यातून माझं नाव काढायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझं पुकारलं गेलं. बटण दाबलं. आकडे विझले नाहीत, जरा मंदसुद्धा झाले नाहीत. मी माझं कॉल साइन म्हणालो, चालत्या गाडीतून बोलतोय म्हणालो.

ते म्हणाले, "आवाज एकदम स्वच्छ. स्वागत आहे. कुठे आहात?"

मी म्हणालो, पाचगावच्या रस्त्यावर. ते म्हणाले, छान, सांभाळून चालवा. पुढे.

त्यांना तीन श्वासांची सवय नाही. माझ्यानंतर आणखी पाच-सहा नावांत हजेरी संपली आणि सगळे आपापल्या घरी, आपापल्या जेवणाकडे गेले. हवा रिकामी झाली. मी एकदा विचारलं, कोणी आहे का. तीन श्वास थांबलो. कोणी नव्हतं.

रस्ता चांगला आहे. दादाला खोटं वाटलं असतं, पण खरंच चांगला आहे. स्कूटरनं जायचा तेव्हा जिथे नुसती झुडपं होती तिथे आता ले-आउटचे फलक आहेत, प्लॉटच्या कोपऱ्यांना रंगवलेले दगड आहेत. एका ढाब्यासमोर पाच ट्रक उभे होते आणि एक ड्रायव्हर टबात पाय सोडून बसला होता. पाचगावजवळ गिट्टीच्या खदानींची धूळ मावळतीच्या उजेडात पांढरी दिसते, झाडांची पानंसुद्धा पांढरी. खदानीच्या कडेला कोणीतरी कपडे वाळत घातले होते, आणि तेही पांढरे. हे सगळं मी सांगू शकत होतो. करंट पुरेसा होता, माइक हातात होता, आणि पहिल्यांदाच माझी जीभ मोकळी होती. पण समोर कोणी ऐकणारं नसताना बोलायचं नाही, हा नियम त्यानंच शिकवलेला.

पाचगावहून गाडी माघारी वळवली. माइक हुकाला अडकवला आणि स्कॅनिंग लावलं. हुडकेश्वरचा फाटा येईपर्यंत हिरवे आकडे एका चॅनलवरून दुसऱ्यावर पळत राहिले. कुठेच थांबले नाहीत.